पावसाचा अंदाज : वेधशाळेपासून गावच्या वेशीपर्यंत

(पलूस येथील व्याख्यानाचा मजकूर)



कृष्णाकाठी वसलेल्या पलूस तालुक्याचे पावसाशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. ज्या पावसावर येथील जिराईत रान जगते तो पाऊस बेताचाच. आणि ज्या पावसाने येथील नदीकाठ पाण्याखाली जातो तो पाऊस बहुतांशी येथे पडतच नाही. तो पडतो महाबळेश्वरच्या पठारावर आणि पाटणच्या डोंगरदऱ्यांत. याखेरीज तिसरा एक पाऊस आहे. चैत्र-वैशाखात दुपार कलताना तो विजांसह कोसळतो आणि क्वचित गारांच्या रूपाने द्राक्षबागेवर उतरतो. मोसमी पाऊस, घाटमाथ्यावरचा पाऊस आणि वळीव या तिन्हींची प्रकृती भिन्न आहे, म्हणून त्यांचा अंदाज वर्तविण्याची पद्धत आणि त्या अंदाजाची विश्वसनीयताही भिन्न आहे. हा भेद नीट ध्यानात आला, तर वेधशाळेच्या पत्रकाचा गावाला खरा उपयोग होतो. एरवी ते पत्रक म्हणजे थट्टेचा विषय होऊन बसते.

एकाच विभागातील दोन टोके

हवामानाच्या सोयीसाठी महाराष्ट्राचे कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग कल्पिलेले आहेत. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे मध्य महाराष्ट्रात मोडतात. परंतु याच उपविभागात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आहे आणि सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर भागविणारा सांगलीचा परिसरही आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच रिता करतात. डोंगर ओलांडून पूर्वेस उतरताना तेच वारे पुन्हा उबदार व कोरडे होतात. पलूस, तासगाव, कवठेमहांकाळ, तसेच साताऱ्यातील माण-खटाव हा सारा प्रदेश या पर्जन्यछायेत येतो.

२०२१ च्या जुलै महिन्यातील एक नोंद या संदर्भात बोलकी आहे. २३ जुलै रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सांगलीच्या परिसरात जेवढा पाऊस वर्षभरात होतो, जवळजवळ तेवढा कृष्णेच्या उगमावर एका दिवसात कोसळला. म्हणून “मध्य महाराष्ट्रात पाऊस” एवढ्याच शब्दांवर विसंबून पलूसच्या शेतकऱ्याने पेरणी करू नये, आणि आपल्या शिवारात पाऊस नाही एवढ्यावरून नदीकाठच्या गावाने निर्धास्तही राहू नये.

अंदाज कसा सिद्ध होतो

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. दुष्काळ आणि चक्रीवादळे यांनी तत्कालीन सरकारला या शास्त्राकडे लक्ष देण्यास भाग पाडले होते. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ती वास्तू आजही पुणेकरांच्या तोंडी “सिमला ऑफिस” म्हणूनच आहे. १९३२ साली पुण्यातच डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषि हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. शेती आणि हवामान यांची शास्त्रीय सांगड घालण्याचा तो प्रारंभ होय. पुढे १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था पुण्यात निघाली. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था या नावाने ती आज ओळखली जाते. या संस्थेने २०१२ साली महाबळेश्वर येथे ढगांच्या अभ्यासासाठी उच्चस्थानी प्रयोगशाळा उभारली. कृष्णेच्या उगमापाशी ढगांच्या पोटात काय घडते याचा अभ्यास तेथे चालतो, ही गोष्ट कृष्णाकाठच्या शाळांतून सांगितली जावयास हवी.

अंदाजाची पहिली पायरी म्हणजे निरीक्षण. पर्जन्यमापकातील पाणी दररोज सकाळी साडेआठ वाजता मोजले जाते आणि तो आकडा मागील चोवीस तासांचा मानला जातो. देशातील निवडक केंद्रांवरून पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या वेळेचे वेध घेण्यासाठी वायूने भरलेले फुगे आकाशात सोडले जातात. फुग्याला बांधलेले छोटे उपकरण वर जाता जाता तपमान, आर्द्रता व वायुदाब यांची माहिती रेडिओद्वारे खाली पाठविते, आणि त्याच्या मार्गावरून वरच्या थरांतील वारे कळतात. याच्या जोडीला उपग्रहांची छायाचित्रे, समुद्रावरील जहाजांच्या नोंदी आणि रडार आहेत. महाराष्ट्र शासनाच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही अलीकडची महत्त्वाची भर.

या साऱ्या नोंदी महासंगणकात घातल्या जातात. पृथ्वीभोवतालचे वातावरण चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीत पुढे काय होईल हे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी काढले जाते. चौकट जितकी लहान, तितके डोंगरदऱ्यांचे चित्र रेखीव. २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेल्या “भारत फोरकास्ट सिस्टिम” या प्रणालीत ही चौकट सहा किलोमीटरची आहे. तत्पूर्वीची बारा किलोमीटरची होती. सह्याद्रीचा कडा अवघ्या काही किलोमीटरांत कोकणातून घाटमाथ्यावर चढतो. मोठ्या चौकटीत त्याची धार बोथट होते, आणि घाटावरच्या पावसाचा आकडा कमी भरण्याचा संभव असतो. चौकट लहान होण्याचे महत्त्व आपल्या भागाला विशेष आहे ते याकरिता.

तथापि वातावरणाचा स्वभावच असा की आरंभीच्या नोंदीतील बारीकशी उणीव दिवसागणिक वाढत जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ साली हे गणिताने दाखवून दिले. म्हणून उद्या-परवाचा अंदाज बराचसा भरवशाचा, पाच-सात दिवसांचा दिशा दाखविणारा आणि त्यापुढचा केवळ कल सांगणारा, असा तारतम्यभाव ठेवणे इष्ट होय.

जुन्या आडाख्यांचीही येथे दखल घेणे उचित ठरेल. मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांवर बसविलेले पावसाचे वेळापत्रक म्हणजे अनेक पिढ्यांच्या अनुभवाची सरासरी होय. चंद्राभोवती पडणारे खळे हे उंचावरील हिमकणयुक्त ढगांचे चिन्ह आहे, हेही खरे. परंतु सरासरी ही यंदाच्या वर्षाची हमी नव्हे. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दोनच दिवसांनी मुंबईत पोचला. मृग तेव्हा जवळजवळ पंधरवडाभर दूर होता.

पत्रकातील शब्दांचा नेमका अर्थ

हवामानाच्या पत्रकातील शब्द सैल नसतात. प्रत्येकाला ठराविक मोजमाप आहे. “तुरळक ठिकाणी” पाऊस म्हणजे त्या क्षेत्रातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस. “काही ठिकाणी” म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, “बऱ्याच ठिकाणी” म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि त्यापुढे “बहुतांश ठिकाणी”. केंद्रावर किमान अडीच मिलिमीटर पाणी जमले तरच तो पावसाचा दिवस. तेव्हा “सांगली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस” असे पत्रक सांगत असेल, तर चार गावांपैकी तीन गावे कोरडी राहूनही ते पत्रक खरेच ठरते. कोरड्या राहिलेल्या गावाने त्याला खोटे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

पावसाच्या जोराचेही तसेच. चोवीस तासांत ६४·५ ते ११५·५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५·६ ते २०४·४ म्हणजे अति जोरदार आणि त्यापलीकडे अत्यंत जोरदार पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, हे गणित शाळेच्या फळ्यावर एकदा मांडून दाखविले की या आकड्यांचे गांभीर्य मुलांच्याही ध्यानी येते. इशाऱ्यांच्या रंगांचा अर्थ पावसाच्या प्रमाणाइतकाच कृतीशी निगडित आहे : हिरवा म्हणजे विशेष काही नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा.

वळीव आणि वीज

वळवाचा ढग मोसमी ढगासारखा शेकडो मैलांवर पसरलेला नसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते. तिला बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्रावरून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली की दुपारपर्यंत पांढरे पुंजके दिसू लागतात आणि तासा-दोन तासांत त्यांतला एखादा दहा-बारा किलोमीटर उंचीचा मनोरा होतो. त्याचे सारे आयुष्य थोडक्या वेळाचे. आदल्या दिवशी वेधशाळा इतकेच सांगू शकते की उद्या जिल्ह्यात असे ढग बनण्यास हवा अनुकूल आहे. तो बुर्लीवर फुटेल की अंकलखोपवर, हे ढग उभा राहिल्यानंतरच रडार व उपग्रह सांगू शकतात. म्हणून विजांच्या बाबतीत पुढील तीन तासांपुरता तात्कालिक इशारा सर्वांत मोलाचा आणि तो कानी पडताच वागणे अगत्याचे. विजांची ठिकाणे टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर आधारलेले “दामिनी” हे भ्रमणध्वनीवरील साधन पुण्याच्या संस्थेनेच सिद्ध केलेले आहे.

यंत्र हाती नसले तरी कान आहेत. ध्वनीला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज डोक्यावर पडू शकते असे समजावे. पक्क्या घराचा आश्रय घ्यावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकाकी झाडाखाली थांबू नये आणि जनावरेही तेथे बांधू नयेत. द्राक्षबागेत लोखंडी अँगल व तारांचे जाळे असते, विहिरीवर मोटार व नळ असतात. गडगडाट सुरू होताच त्यांच्यापासून दूर व्हावे. वीज अंगावर पडलेल्या माणसाला शिवू नये ही समजूत घातक आहे. त्याच्या शरीरात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असल्यास तत्काळ छातीवर दाब देऊन हृदयक्रिया चालू करण्याचा प्रयत्न करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या काही मिनिटांत प्राण वाचू शकतात.

गोठणपातळी आणि गारपीट

जमिनीपासून वर जावे तसे तपमान किलोमीटरमागे साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. ज्या उंचीवर ते शून्य अंशावर येते तिला गोठणपातळी म्हणतात. हिमालयात या पातळीला फार महत्त्व आहे. ती खाली असली तर डोंगरावर बर्फ पडून साठून राहतो. ती वर चढली तर त्याच उतारावर पाऊस पडतो, पाणी लगेच खाली धावते आणि साठलेला बर्फही वितळू लागतो. म्हणून तेथील अंदाजात पावसाच्या आकड्याइतकीच ही उंचीही पाहिली जाते.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि आपल्याकडील गोठणपातळी उन्हाळ्यात साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास असते. तेव्हा सह्याद्रीवर बर्फ पडण्याचा प्रश्न येत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पानांवर दिसणारे हिमकण हे आकाशातून पडलेले हिम नव्हे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि तिला चिकटलेले दव गोठते, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळीही मोकळ्या हवेतील गोठणपातळी कितीतरी वर असते.

मग पलूसच्या शेतकऱ्याला या पातळीशी काय कर्तव्य ? उत्तर एका शब्दात : गारा. वादळी ढगात वर चढणारा प्रवाह पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर नेतो. तेथील अनेक थेंब शून्याखालीही द्रवरूपातच राहतात आणि एखाद्या हिमकणावर आपटताच गोठून त्याला चिकटतात. असे थरावर थर चढून गार वाढते आणि प्रवाहाला पेलेनाशी झाली की खाली येते. खाली येताना गोठणपातळी ओलांडल्यापासून ती वितळू लागते. ही पातळी जमिनीपासून जितकी उंच, तितका वितळण्यास अधिक वाव. मोसमी हंगामात ती अधिक उंच असते आणि वर चढणारे प्रवाहही तितके प्रखर नसतात. म्हणून भर पावसाळ्यात गारा सहसा पडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरची हवा थंड, पातळी त्या मानाने खाली आणि जमीन मात्र तापू लागलेली. हा संयोग गारांना पोषक ठरतो. २०१४ साली फेब्रुवारीअखेर सुरू झालेल्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत लांबलेल्या गारपिटीने महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांची उभी पिके झोडपून काढली, ती याच ऋतुसंधीत.

हाच काळ द्राक्षाच्या काढणीचा आणि रॅकवर बेदाणा सुकविण्याचा असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला तर घडांची कुज व डाऊनीचे संकट; मणी पक्व होताना आला तर मणी तडकतात; आणि गार आली तर वर्षाची मेहनत काही मिनिटांत मातीमोल. गार टाळण्याचा खात्रीचा उपाय शास्त्राच्या हाती नाही. आकाशात आवाज करून गारा फोडण्याच्या तोफांना शास्त्रीय आधार मिळालेला नाही. हाती आहे ती सावधगिरी : दोन-तीन दिवस आधी अनुकूलतेचा इशारा मिळताच तयार माल उतरवून घेणे, बेदाण्याच्या रॅकवर आच्छादन तयार ठेवणे आणि फवारणीचा दिवस बदलणे. दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होणारी कृषि हवामान सल्ला पत्रिका या निर्णयांसाठीच असते.

महापुराचा धडा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. या पुलावर चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या महापुरातील पातळीही त्याने मागे टाकली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा-येरळेच्या संगमावर, पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटली. स्त्रिया, मुले, वृद्ध अशा अनेकांना जलसमाधी मिळाली. पुढे नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराचा अभ्यास करून २०२० साली अहवाल दिला. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, नदी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली.

या अनुभवातून उमगणारी गोष्ट अशी की पलूसच्या पुराचा अंदाज पलूसच्या आकाशात शोधावयाचा नसतो. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट. पावसाळ्याच्या अखेरीस ते भरलेले हवे, कारण वीजनिर्मिती व सिंचन त्यावर अवलंबून. आणि पावसाळ्याच्या मध्यावर त्यात मोकळी जागा हवी, कारण पुराचा लोंढा सामावून घ्यावयाचा. हा तोल साधण्यास पुढील काही दिवसांच्या पावसाचा अंदाज हेच साधन आहे. परंतु धरणाच्या खालच्या अंगास पडणाऱ्या पावसावर, तसेच येरळेसारख्या उपनद्यांच्या पाण्यावर कोयनेचे नियंत्रण नाही, हेही विसरून चालणार नाही.

गावाने पाहावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. घाटमाथ्यासाठी दिलेला इशारा कोणत्या रंगाचा आहे. कोयनेतून किती विसर्ग सोडला जात आहे. कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी आणि भिलवडी येथे नदी किती फुटांवर आहे आणि दर तासाला किती चढते आहे. वरच्या पुलावरील वाढ खालच्या गावापर्यंत पोचण्यास काही तासांचा अवधी मिळतो. माणसे, गुरे आणि धान्य हलविण्याची हीच वेळ. पाणी वेशीला लागल्यानंतर उरतो तो केवळ नावेचा मार्ग, आणि त्याची किंमत या तालुक्याने मोजलेली आहे.

वेशीपर्यंतचे काम

समुद्रापासून उपग्रहापर्यंत आणि उपग्रहापासून महासंगणकापर्यंतचा प्रवास शास्त्रज्ञ पार पाडतात. जिल्हा मुख्यालयापर्यंत पत्रक शासकीय यंत्रणा पोचविते. तेथून गावच्या शेवटच्या घरापर्यंतचा टप्पा मात्र ग्रामपंचायतीनेच पार पाडावयाचा आहे, आणि अनुभव असा की अंदाज बहुधा याच टप्प्यात हरवतो. भ्रमणध्वनीवर संदेश आला होता, पण तो कोणी वाचावयाचा हे ठरलेले नव्हते. वाचला, पण वस्तीवर कोणी सांगावयाचे हे ठरलेले नव्हते, असे व्हावयास नको.

याकरिता फार खर्चाची योजना लागत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत दोन व्यक्ती नेमाव्यात. एक गैरहजर असल्यास दुसरीने काम पाहावे. पंचायतीच्या फलकावर रोज सकाळी चार ओळी लिहाव्यात : आजचा इशारा, घाटमाथ्याचा इशारा, धरणाचा विसर्ग आणि वरच्या पुलावरील नदीपातळी. नदीकाठच्या घरांची, तेथील वृद्धांची, आजाऱ्यांची, गर्भवतींची आणि जनावरांची यादी अद्ययावत ठेवावी. कोणत्या फुटाला कोणती वस्ती उठवावयाची हे आगाऊ ठरवून लेखी ठेवावे, म्हणजे मध्यरात्री त्यावर वाद होणार नाही. नाव असल्यास तीत किती माणसे बसावयाची हे नावेवरच रंगवावे, आणि प्राणरक्षक जाकिटे मोजून ठेवावीत.

शाळांकडे यातील एक काम आपसूक येते. साधे पर्जन्यमापक मोकळ्या जागी बसवून दररोज सकाळी साडेआठला विद्यार्थ्यांकडून नोंद करून घ्यावी. एका वर्षाने गावाच्या पावसाची वही तयार होईल, आणि पाच वर्षांनी महसूल मंडळाच्या केंद्रातील आकडा व आपल्या शिवारातील पाऊस यांत किती अंतर पडते हे गावाला कळू लागेल. अंदाज चुकला की बरोबर आला याचा निवाडा तेव्हा आठवणीवर न होता वहीवर होईल. नोंद करणारी मुलगी घरी जाऊन वडिलांना “बऱ्याच ठिकाणी” आणि “तुरळक ठिकाणी” यांतील फरक समजावून सांगेल, आणि गावात अंदाज वाचता येणारी माणसे वाढतील.

येत्या पावसाळ्यापूर्वी तालुक्यातील प्रत्येक नदीकाठच्या गावात असा फलक, अशी यादी आणि अशी वही सिद्ध व्हावी, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.